नावेचा घाट आणि संगणकाच्या भाषा

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांना उपदेश करावा, वडीलधाऱ्यांची स्तुती करावी आणि खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. चिटणिसांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा त्यांचीही अपेक्षा बहुधा तेवढीच असावी. परंतु आपली ज्ञाती ही सुतारकाम करणाऱ्यांची, आणि तीतही किनाऱ्यावरच्या कित्येक घराण्यांत नावा बांधण्याची विद्या पिढ्यानपिढ्या चालत आलेली. आज त्याच घराण्यांतील मुले संगणकासमोर बसून नावांची आरेखने करीत आहेत. आजोबांच्या हातात वाकस होता, नातवाच्या हातात माऊस आहे. आणि दोघांचे एकमेकांशी या विषयावर बोलणे जवळजवळ होत नाही. म्हणून मी आज एक तांत्रिक वाटणारा, पण आपल्या जिव्हाळ्याचा विषय घेतला आहे. तो असा, की एका कॅड प्रणालीत तयार केलेला नावेचा घाट दुसऱ्या प्रणालीत नेताना काय होते, आणि तो शाबूत राहावा म्हणून काय करावे.

‘घाट’ हा शब्द मी समजून वापरीत आहे. भांड्याला घाट असतो, दागिन्याला घाट असतो, तसा नावेलाही असतो. पाणी चिरीत जाणारी नाळ, मधले भरलेले पोट, मागे निमुळती होत गेलेली बाजू, या साऱ्यांची मिळून जी एक आकृती होते तीस इंग्रजीत हल म्हणतात. शीड, डोलकाठी, इंजिन, सुकाणू ही सर्व मागाहून येतात. नाव किती भार वाहील, किती चालेल, लाटेने कलली तर पुन्हा उभी राहील की नाही, हे बहुतांशी घाटावर ठरते. दर्यावर गेलेल्या माणसाचा जीव या आकृतीच्या हवाली असतो. तेव्हा घाट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना त्यात फरक पडला, तर तो चित्रकलेतील दोष म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या जुन्या मेस्त्रींनी कागदावर रेघ ओढली नाही. पठाण, म्हणजे नावेचा कणा, बसवावयाचा. नाळेचा बाक नजरेने ठरवावयाचा. मधल्या दोन-तीन फासळ्या जपून ठेवलेल्या साच्यांवरून घ्यावयाच्या. आणि मग एक लवचिक पट्टी नाळेपासून मागपर्यंत फिरवून उरलेल्या फासळ्यांची मापे साधावयाची. पट्टी जेथे कुरकुरेल तेथे लाकूड तासावयाचे. ही विद्या हाताची आणि डोळ्यांची होती. तिचा एकच दोष होता, की ती माणसाबरोबर जात असे. मेस्त्री गेला की घाट गेला.

युरोपातील जहाजबांधणीत यावर एक उपाय रूढ झाला. दुधी भोपळा तीन प्रकारे कापता येतो : आडवा कापला तर गोल चकत्या निघतात, उभा कापला तर लांब फाका निघतात, आणि जमिनीशी समांतर कापला तर वेगळ्याच लांबट चकत्या निघतात. नावेच्या घाटाचे असेच तीन प्रकारचे छेद कल्पून ते कागदावर तीन आकृत्यांत मांडतात. एकीत नाव बाजूने दिसते, दुसरीत वरून, तिसरीत समोरून. नाव डावी-उजवी सारखी असल्यामुळे अर्धीच काढली तरी पुरते. या आकृत्यांवरून मग एक कोष्टक करतात : अमुक छेदावर, अमुक उंचीवर, मध्यरेषेपासून नावेची बाजू इतक्या अंतरावर आहे. या कोष्टकाला इंग्रजीत ऑफसेट टेबल म्हणतात. आपण त्यास ‘मापपट’ म्हणू. मापपट म्हणजे निव्वळ आकड्यांच्या ओळी. त्यात कलाकुसर काही नाही. परंतु ज्याला तो वाचता येतो, तो मूळ नाव न पाहताही तिचा घाट पुन्हा उभा करू शकतो. स्वीडनमधील चॅपमन या जहाजशिल्पज्ञाने १७६८ साली आपला आरेखनांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील जहाजे केव्हाच नाहीशी झाली. पण अडीचशे वर्षांनंतरही त्या रेषांवरून मापे घेता येतात.

मापपटावरून नाव बांधावयाची तर कारखान्यात एका विस्तीर्ण लाकडी तक्तपोशीवर ती पूर्ण आकारात काढीत. मापपटातील बिंदू मांडावयाचे, त्यांवरून लाकडाची लवचिक पट्टी वाकवावयाची, आणि ती जागच्या जागी राहावी म्हणून शिशाची वजने ठेवावयाची. आरेखनाच्या मेजावरील अशा वजनांचा आकार पाहून इंग्रज कारागीर त्यांस बदके म्हणत. या लवचिक पट्टीचे इंग्रजी नाव स्प्लाइन. हा शब्द आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे संगणकात हीच पट्टी आपल्याला पुन्हा भेटावयाची आहे.

घाटाचे स्थलांतर ही गोष्ट संगणकाने निर्माण केलेली नाही, हे दाखविण्यासाठी मुंबईच्या गोदीतील एक उदाहरण सांगतो. सन १७८२ मध्ये इंग्रजांनी हेबे नावाची फ्रेंच युद्धनौका पकडली. तिचा घाट त्यांस इतका पसंत पडला, की प्रत्यक्ष जहाजावरून मापे घेऊन त्यांनी त्या रेषांवर आपल्या लेडा वर्गाच्या फ्रिगेटी बांधण्यास प्रारंभ केला. त्याच वर्गातील एक नौका मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, सागवानात बांधावयाचे १८१२ मध्ये ठरले. तिची आरेखने जावा नावाच्या जहाजावरून मुंबईकडे निघाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेशी जावाची गाठ पडली. जावाचा पराभव होऊन ती नष्ट झाली, आणि आरेखनेही गेली. परंतु लंडनला मूळ प्रत सुरक्षित होती. तिच्यावरून दुसरी नक्कल करून ती पाठविण्यात आली. १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हातून काम सुरू झाले, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ट्रिंकोमाली ही नौका मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगत आहे.

या हकिकतीत आपल्या विषयाचे सारे सार आहे. फ्रेंच सुतारांचा घाट इंग्रज कागदावर आला, आणि त्या कागदावरून मुंबईतील सागवानात उतरला. फुटाचे फ्रेंच माप निराळे, इंग्रजी माप निराळे. ओक लाकूड निराळे, साग निराळा. सुतारांच्या भाषा तर तीन निरनिराळ्या. तरीही घाट टिकला, कारण तो प्रत्यक्ष मापांच्या रूपाने प्रवास करीत होता, आणि त्याची एक प्रत मागे ठेवलेली होती.

आता संगणकाकडे वळू. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्केचपॅड नावाची प्रणाली सादर केली, आणि पडद्यावर रेखाटन करता येते हे जगाला दिसले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सित्रोएन मोटारकारखान्यातील द कास्तेल्जो आणि रेनो कारखान्यातील बेझिए यांनी, मोटारींच्या वळणदार अंगासाठी, वक्ररेषा आकड्यांत बांधण्याच्या पद्धती स्वतंत्रपणे शोधल्या. लाकडी पट्टी वजनांच्या साह्याने वाकते, तशी ही गणिती पट्टी काही मोजक्या नियंत्रक बिंदूंच्या ओढीने वाकते. त्यातूनच पुढे ज्यास नर्ब्स म्हणतात ती पृष्ठे आली. राइनो, मॅक्ससर्फ इत्यादी प्रणाली नावेचे अंग अशाच पृष्ठांनी बनवितात.

परंतु सर्वच प्रणाली एका रीतीने विचार करीत नाहीत. फ्रीशिप आणि तिच्यामागून आलेली डेल्फ्टशिप या प्रणाली उपविभाजनाची रीत वापरतात. प्रथम चौकोनी तुकड्यांचा एक ओबडधोबड पिंजरा करावयाचा, आणि मग त्याचे कोपरे पुनःपुन्हा तासून तो गुळगुळीत करावयाचा. या रीतीचा गणिती पाया कॅटमल आणि क्लार्क यांनी १९७८ मध्ये घातला. रंधा मारणाऱ्या सुताराला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. तिसरी रीत निव्वळ त्रिकोणांची. हिऱ्याला जसे पैलू पाडतात, तसे वक्र अंग लहान लहान सपाट त्रिकोणांनी झाकावयाचे. छपाईयंत्रावर वस्तू घडविण्यासाठी जी एसटीएल फाइल वापरतात, ती या तिसऱ्या रीतीची.

या तीन रीती म्हणजे तीन भाषा. पडद्यावर तिन्हींतील नाव सारखीच दिसते. पण तिचे वर्णन आत निरनिराळ्या शब्दांत केलेले असते. शिवाय प्रत्येक कंपनीची फाइल तिच्या स्वतःच्या लिपीत. मालवणचा माणूस आणि मंगळूरचा माणूस एकमेकांची बोली न कळल्यास हिंदीचा आश्रय करतात, तसा या प्रणालींसाठी मधल्या भाषांचा शोध करावा लागला. ऑटोकॅडबरोबर १९८२ मध्ये डीएक्सएफ ही पद्धत आली. त्याआधी १९८० मध्ये अमेरिकेत आयजेस हा करार प्रसिद्ध झाला होता, आणि १९९४ पासून स्टेप या नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध होऊ लागले. आज नावेचा घाट एका प्रणालीतून दुसरीत न्यावयाचा तो बहुधा या तिघांपैकी एका दुभाष्याच्या मुखाने. आणि दुभाषा कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या बोलण्यात काही गळते, काही बदलते.

काय गळते आणि काय बदलते, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट एककाची. डीएक्सएफमध्ये एकक नोंदविण्याची सोय आहे. परंतु ती नोंद केली जाईलच, आणि केल्यास पलीकडे वाचली जाईलच, याची शाश्वती नाही. एसटीएलमध्ये तर एककाला जागाच नाही. माझ्या परिचयातील एका ज्ञातिबंधूच्या मुलाने १८ फुटी होडीचा घाट मोठ्या मेहनतीने तयार केला, आणि प्लायवुडच्या फासळ्या यंत्रावर कापून घेण्यासाठी त्याची फाइल एका कारखान्याकडे पाठविली. फाइलमधील आकडे इंचांचे होते. तेथील प्रणालीने ते मिलिमीटर म्हणून वाचले. २१६ इंचांची होडी २१६ मिलिमीटरची, म्हणजे वीतभर दिसू लागली. ही चूक कोणाच्याही ध्यानी यावी इतकी ढोबळ होती. परंतु तिचे निवारण करताना तेथील माणसाने आकृती २५ पट मोठी केली. वास्तविक एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पडद्यावर २५ आणि २५.४ यांत भेद दिसत नाही. लाकडात मात्र तो दिसला. मधली फासळी ६ फूट रुंदीची, ती सुमारे २९ मिलिमीटर अरुंद निघाली. नाळ आणि मागची फळी घरी मापपटावरून केलेल्या होत्या, त्या या फासळ्यांशी जुळेनात. कर्ज काढून आणलेले प्लायवुड वाया गेले. मापपट जवळ होता म्हणून दोष कोठे आहे हे तरी उमगले. तो नसता तर नाळच चुकली असे समजून तीही मोडली असती.

एककाच्या घोटाळ्यात आपणच सापडतो असे नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान नष्ट झाले. एका गटाची प्रणाली इंग्रजी एककांत आकडे देत होती आणि दुसऱ्या गटाची प्रणाली ते मेट्रिक समजून घेत होती, असे चौकशीत आढळले.

दुसरी गोष्ट दिशांची. एका प्रणालीत लांबी मागून पुढे मोजतात, दुसरीत नाळेपासून मागे. एकीत उंचीचा अक्ष वेगळा, दुसरीत वेगळा. एक पठाणापासून उंची मोजते, दुसरी पाण्याच्या रेषेपासून. परिणामी नाव उलटी, आडवी किंवा पाण्याखाली बुडालेली अवतरते. हा दोष दिसतो आणि सुधारता येतो. परंतु आरंभबिंदू थोडा सरकला तर तो दिसत नाही, आणि भाराचे सारे हिशेब तेवढ्याने चुकतात.

तिसरी गोष्ट अर्ध्या अंगाची. एक प्रणाली अर्धी नाव पाठविते आणि उरलेली अर्धी प्रतिबिंबाने गृहीत धरते. दुसरी आलेले तेवढेच खरे मानते. मग एक तर अर्ध्या नावेचे घनफळ निघते, किंवा दोनदा प्रतिबिंब होऊन एकावर एक दोन अंगे बसतात.

चौथी गोष्ट सांध्यांची. घाट अनेक तुकड्यांनी बनलेला असला, तर प्रत्येक तुकड्याची कड शेजारच्या कडेशी किती अंतरापर्यंत जुळली म्हणजे जुळली समजावी, हा प्रत्येक प्रणालीचा आपला नियम असतो. एकीला जे जुळलेले वाटते, ते दुसरीला फटीसारखे दिसते. पडद्यावरील फटीतून पाणी येत नाही, हे खरे. पण फटीच्या अंगाचे घनफळ प्रणालीला नीट काढता येत नाही, आणि कापणीयंत्राची रेघ तेथे तुटते.

पाचवी गोष्ट सर्वांत सूक्ष्म, आणि सुताराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. उपविभाजनाच्या पिंजऱ्यात जेथे चार कडा एकत्र येतात तेथे नर्ब्सशी मेळ चांगला बसतो. पण तीन किंवा पाच कडा जेथे मिळतात, तेथे रूपांतर तंतोतंत होत नाही, अदमासाने करावे लागते. तेथे बारीकसा उंचवटा किंवा खळगा राहतो. त्रिकोणांत रूपांतर केले तर वळणाची मूळ रेषाच नाहीशी होते, उरतात पैलू. ते पुन्हा वक्र करणे म्हणजे फोडलेल्या नारळावरून मूळ नारळ घडविण्यासारखे आहे. उलटपक्षी, तळ आणि बाजू यांच्या सांध्याची मुद्दाम ठेवलेली धार दुसरीकडे जाताना गुळगुळीत होऊन जाते. धार गेली की पाणी वेगळ्या रीतीने सुटते, आणि नावेची चाल बदलते.

यावर कोणी म्हणेल, सर्वांनी एकच प्रणाली वापरली म्हणजे झाले. तसेही होत नाही. एअरबस कंपनीच्या ए-३८० या अजस्र विमानाच्या बांधणीत जर्मनीतील आणि फ्रान्समधील कारखाने कॅटिया ही एकच प्रणाली वापरीत होते. मात्र एकाकडे तिची जुनी आवृत्ती होती, दुसऱ्याकडे नवी. जर्मनीत तयार झालेल्या विजेच्या तारांचे जुडगे फ्रान्समध्ये विमानात बसविताना जुळेनात, आणि २००६ मध्ये विमानाचे वेळापत्रक कोलमडले. तेथे पैसा होता, विद्वान अभियंते होते. तरीही दोन आवृत्त्यांमधले अंतर वेळीच मोजले गेले नाही.

मग उपाय काय ? माझ्या मते उपाय शाळेत शिकविलेल्या गणितातच आहे. उत्तर आले की ताळा करावा, ही सवय आपण मुलांना लावतो. तीच येथे लावावयाची. घाट दुसऱ्या प्रणालीत गेला, की तो दिसतो कसा यावर विसंबू नये. दोन्हीकडे तेच आकडे काढावेत आणि शेजारी शेजारी लिहावेत. प्रथम लांबी, रुंदी आणि खोली. मग त्याच त्या ठिकाणचे आडवे छेद, एकावर एक ठेवून. मग पाण्याखालील घनफळ, आणि त्याचा मध्य पुढे-मागे कोठे पडतो ते.

घनफळाचा ताळा कागदावरही करता येतो. उदाहरणादाखल, पाण्याच्या रेषेवर ८ मीटर लांबीची नाव घ्या. दर २ मीटरवर एक, असे पाच छेद कल्पा. पाण्याखालील त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे ०, ०.६, १.०, ०.७ आणि ० चौरस मीटर आहेत असे समजा. सिम्पसनच्या नियमाप्रमाणे पहिले आणि शेवटचे क्षेत्रफळ एकपट, दुसरे आणि चौथे चौपट, मधले दुप्पट घ्यावयाचे. बेरीज झाली २.४ अधिक २.० अधिक २.८, म्हणजे ७.२. तीस दोन छेदांमधील अंतराच्या एकतृतीयांशाने, म्हणजे दोनतृतीयांशाने गुणले की ४.८ घनमीटर. समुद्राचे पाणी दर घनमीटरास सुमारे १.०२५ टन भरते. म्हणून ही नाव सर्व भारासह ४.९२ टनांची. आता दुसऱ्या प्रणालीने हेच घनफळ ४.६८ दाखविले, तर ०.१२ घनमीटर कमी पडले. पाण्याच्या रेषेवर नावेचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर असेल, तर तेवढ्याच भाराने ती १ सेंटीमीटर अधिक बुडेल. एक सेंटीमीटर क्षुल्लक वाटेल. परंतु तो कोठून आला हे ठाऊक नसेल, तर त्याच्या मागे आणखी काय बिघडले आहे हेही ठाऊक नसते. आणि मापे सर्व बाजूंनी शेकडा १ ने चुकली, तर घनफळ शेकडा ३ ने चुकते, हेही विसरू नये.

हा ताळा झाला, की मग डोळा. संगणकावर घाटाच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे पाडून पाहण्याची सोय असते. पट्टे वाहत्या पाण्यासारखे सरळ गेले तर अंग सुरेख. मोडले तर तेथे उंचवटा आहे. हे काम आजोबांकडून करवून घ्यावे, अशी माझी तरुणांना विनंती आहे. ज्याने पन्नास वर्षे फळ्यांवर तळहात फिरविला, त्याला तो मोडलेला पट्टा तुमच्याआधी दिसेल. त्यांना माऊस धरता येत नसेल. परंतु कुरकुरणारी पट्टी त्यांना ऐकू येते.

आता एक पाऊल पुढे. घाट एका प्रणालीतून दुसरीत नेणे, हा प्रश्न केवळ आजच्या दोन संगणकांमधला नाही. तो आज आणि उद्या यांच्यामधलाही आहे. ज्या प्रणालीत आज फाइल ठेवली आहे ती वीस वर्षांनी उघडेल का ? कंपन्या विकल्या जातात, आवृत्त्या बदलतात, परवान्याची मुदत संपते. म्हणून घाट केवळ एका कंपनीच्या फाइलीत ठेवणे म्हणजे जावा जहाजावर एकच प्रत पाठविण्यासारखे आहे. मूळ फाइल ठेवावी, स्टेप अथवा आयजेसची एक प्रत ठेवावी, आणि त्यांच्या जोडीला मापपट ठेवावा : साध्या आकड्यांत, एकक स्पष्ट लिहून, कोठून मोजले ते नोंदवून, कागदावर छापून. मापपटाला दुभाषा लागत नाही. तो कोणत्याही प्रणालीत हाताने भरता येतो, आणि संगणक नसला तर तक्तपोशीवर खडूनेही मांडता येतो.

मापे नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या दारातले आहे. भारतीय नौदलाची कौंडिण्य ही शिवलेल्या फळ्यांची नौका २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. तिचा आधार काय, तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील एक जहाज. रेषांचे आरेखन नाही, मापपट नाही; भिंतीवरचे एक चित्र तेवढे. त्यावरून घाटाचे अनुमान करावे लागले, मद्रासच्या आयआयटीमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या, आणि केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गोव्यात ती सिद्ध केली. हे कार्य अभिमानास्पदच होय. परंतु पाचव्या शतकात कोणी एका सुताराने तिची अर्धी रुंदी दहा ठिकाणी मोजून एखाद्या ताम्रपटावर कोरली असती, तर एवढे अनुमान करावे लागले नसते. आपल्या आजोबांच्या नावांविषयी असे अनुमान करण्याची वेळ आपल्या नातवंडांवर यावी का, हा प्रश्न मी आपणासमोर ठेवतो.

किनाऱ्यावर फायबरच्या नावा आल्या, लाकडी नावा मागे पडल्या. ज्या उरल्या आहेत, त्या वाळूवर उपड्या पडून उन्हाने फाटत आहेत, किंवा सरपणासाठी फोडल्या जात आहेत. प्रत्येकीबरोबर एक घाट जात आहे, आणि त्या घाटात एका गावच्या खाडीचे, तेथील लाटेचे आणि वाऱ्याचे ज्ञान साठविलेले आहे. हे ज्ञान आपल्याच लोकांनी साठविले. त्याच्यावर आपले नाव कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून ज्ञातीपुढे एक सूचना मांडतो. तिला फारसा खर्च नाही. प्रत्येक गावातील दोन विद्यार्थी आणि एक वृद्ध मेस्त्री, एवढ्यांचा एक गट करावा. उरलेली एक जुनी नाव निवडावी. टेकू देऊन ती सरळ उभी करावी, आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन्ही बाजूंची पातळी पाहावी. नाळेपासून मागपर्यंत मध्यावर एक सुतळी ताणावी. दर अर्ध्या मीटरवर खूण करावी. प्रत्येक खुणेवर ओळंबा सोडून, निरनिराळ्या उंचींवर मध्यापासून अंगापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे. नाळ आणि मागची बाजू यांची वळणे वेगळी मोजावीत. दोन्ही बाजू मोजाव्यात, कारण जुनी नाव क्वचितच दोन्हीकडे सारखी राहिलेली असते. मेस्त्रींना प्रत्येक भागाचे नाव विचारून तेही लिहावे. मग ते आकडे संगणकात भरून पट्टी फिरवावी, ताळा करावा, आणि मूळ वही, छापील मापपट व फाइल अशा तिन्ही प्रती ठेवाव्यात. एक गावात, एक ज्ञातीच्या कार्यालयात, आणि एक जवळच्या एखाद्या ग्रंथालयात. दरवर्षी या स्मरणिकेत एका नावेचा मापपट छापला, तर जाहिरातीची दोन पाने कमी होतील. पण तीस वर्षांनी लोक जी पाने उघडतील, ती तीच असतील.

आपण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो, हे उचितच आहे. त्यांपैकी एखादी या कामासाठी राखून ठेवावी, एवढी माझी कार्यकारी मंडळास प्रार्थना आहे. तरुणांनी आजोबांना संगणक शिकविण्याचा आग्रह धरू नये, आणि आजोबांनी नातवाला वाकस धरता येत नाही म्हणून हिणवू नये. दोघांनी मिळून एक नाव मोजावी. एक दिवस पुरेल.

 या कामासाठी कोणी पुढे येणार असेल, तर त्याने आपले आणि आपल्या गावाचे नाव आजच चिटणिसांकडे द्यावे. पावसाळ्यापूर्वी पहिली नाव मोजून व्हावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.